आदरार्थी पाणी

माझे वडील आदिवासींचा अभ्यास करणाऱ्या एका कचेरीत शिपाई होते आणि त्या अख्ख्या कचेरीत आदिवासी असे ते एकटेच होते. बाकीचे सगळे अभ्यासक. भिंतीभर कपाटं होती, कपाटांत आमच्याविषयीची जाडजूड पुस्तकं होती, आणि त्या पुस्तकांवरची धूळ झटकणं एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध होता. साहेबांना एखादी गोष्ट अडली, म्हणजे गोंडांमध्ये लग्न कसं ठरतं किंवा मूल झाल्यावर काय करतात, की ते उठून कपाटाकडे जात. वाटेत दाराशी स्टुलावर एक गोंड बसलेला असे, त्याचं लग्न झालेलं होतं, त्याला मुलंही झाली होती, पण त्याला विचारावं असं कुणाला कधी सुचलं नाही. वडलांचीही काही तक्रार नव्हती. चांदा जिल्ह्यातल्या आमच्या गावात खाकी कपडे, दरमहा पगार आणि विजेचा दिवा असलेली खोली हे सगळं एकाच माणसाला मिळाल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. साहेब सकाळी आत येताना त्यांना मोठ्यानं ‘जोहार’ म्हणत. आमच्या बोलीतला साहेबांना येणारा तो एकुलता एक शब्द होता, आणि बरोबर पाहुणे असले की तो जरा जास्तच मोठ्यानं येई.

ती खोली येरवड्याला होती आणि तिच्यावरून आमच्या घरात पहिला गोंधळ झाला. आम्ही आईला यायो म्हणायचो आणि वडलांना बाबो. घरात गोंडी. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात. बाबो गावी येऊन म्हणाला, की आपल्याला आता येरवड्याला राहायला जायचंय, तेव्हा यायोनं ते नाव नीट ऐकून घेतलं आणि गावभर सांगत सुटली, की माझ्या नवऱ्याला पाण्याच्या गावात नोकरी लागली. नदीवरून हंडे वाहून तिची मान अवघडलेली असायची. निघताना तिनं धाकट्या जावेला दोन्ही हंडे देऊन टाकले, पाण्याच्या गावात हंडे काय करायचे म्हणून. पुण्याला आलो तर कचेरीमागच्या खोल्यांना मिळून एक नळ, त्याला पहाटे धार यायची आणि कुणाचं तोंड धुऊन होतं न होतं तोच ती जायची. यायो पहिल्या दिवशी रिकाम्या हातांनी नळावर गेली आणि रिकाम्या हातांनीच परत आली. पुढे तिला जे काही मराठी आलं ते त्या नळावर आलं. त्यामुळे ‘पाणी’, ‘नंबर’, ‘सरक’ आणि दोनतीन शिव्या एवढंच तिला येत असे, पण त्या शिव्या मात्र ती शुद्ध पुणेरी उच्चारात द्यायची.

गोंडीत मात्र ती दिवसभर बोलायची. चुलीशी बोलायची, भिजत घातलेल्या ज्वारीशी बोलायची, कोपऱ्यातल्या झाडूला तू परत आडवा का पडलास म्हणून विचारायची. लालसूला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, आंघोळ घालताना त्याच्या एकेका बोटाची चौकशी चालायची, हे कुठं गेलं होतं, यानं काय खाल्लं, हा एवढा मळ कुठल्या राजाकडून आणला. तोही उत्तरं द्यायचा. त्याला तीन वर्षं पुरी व्हायची होती, पण यायोशी भांडण काढायचा आणि भांडणात जिंकायचाही. मी शाळेतून येऊन दप्तर टाकलं की माझ्याही वाट्याला दिवसभराचं सगळं येई: कोण नळावर काय म्हणालं, तिला त्यातलं किती कळलं, आणि न कळलेलं तिनं मनानं कसं पुरं केलं. ते मनानं पुरं केलेलंच जास्त चांगलं असायचं.

खायला सकाळी जावा, म्हणजे ज्वारीची आंबवलेली पातळ पेज, आणि गावाकडून कुणी आलं तर वाळवलेली मोहाची फुलं नाहीतर वास्ते. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते आंबट करून ठेवले की त्यांना वास येतो, आणि तो वास आमच्या नाकाला भूक लावतो. शेजारच्या खोलीतल्या कारकूनकाकूंच्या नाकाला तो वेगळं काही सांगायचा. त्या दारात उभ्या राहून अगदी शांतपणे विचारायच्या, “काही मेलंय का तुमच्याकडे? नाही, फक्त विचारतेय. असेल तर वेळेवर हलवलेलं बरं.” परवा आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत बायकांनी प्रदर्शन भरवलं होतं. एका टेबलावर मोहाचे लाडू मांडले होते, चार लाडवांच्या खोक्यावर पानाफुलांची नक्षी होती. मी जवळ गेले तर त्या टेबलावरच्या तरुण मुलीनं मला पाच मिनिटं समजावून सांगितलं, की आंटी, हे ट्रायबल लोकांचं सुपरफूड आहे, त्यांच्याकडे लहान मुलांना देतात, खूप आयर्न असतं. मी ऐकून घेतलं. आमच्याविषयीची माहिती ऐकून घ्यायची मला लहानपणापासून सवय आहे.

आता कुमुदबाई. या साहेबांच्या पत्नी. कचेरीच्या आवारात मोटारीसाठी बांधलेली एक शेड होती. मोटार कधी आली नाही, एक जीप होती ती उन्हातच उभी असायची, म्हणून त्या शेडमध्ये कुमुदबाईंनी शिपाई-माळ्यांच्या मुलांसाठी बालवाडी काढली. पगार घेत नव्हत्या, रोज स्वतः यायच्या, मुलांची नखं कापायच्या, नाकं पुसायच्या. हे सगळं खरं आहे आणि ते लिहायला हवं. पण बाईंचा संस्कारांवर फार जीव होता आणि त्यांचे संस्कार प्रामुख्यानं क्रियापदाच्या शेवटी असायचे. ये म्हणायचं नाही, या म्हणायचं. बस नाही, बसा. माझ्या वडलांना प्रत्येक वाक्यामागे ‘जी’ लावायची सवय होती, आमच्या बाजूला तोच आदर. बाबो म्हणायचा, “चहा आणू का जी?” तर बाई म्हणायच्या, “आणा. पण जी काय, जी? कव्वालीला बसलो आहोत का आपण?” बाबो हसायचा. तो काय हसतोय हे बाईंना कळायचं नाही आणि बाई काय म्हणाल्या हे त्याला कळायचं नाही, त्यामुळे दोघांचं चांगलं जमायचं.

लालसूला बालवाडीत घातलं तेव्हाचा उन्हाळा कडक होता. शेडला वर पत्रा. बाईंची खुर्ची एका कोपऱ्यात, आणि तिच्या अगदी मागे पाण्याचा माठ. लालसूला तहान लागली की तो त्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणायचा, “येर.” बाईंना वाटायचं, हे एवढंसं पोर आपल्याकडे बोट दाखवतंय आणि आपल्याला हाक मारतंय, ‘ये रे’. बरं, ‘ये गं’ तरी म्हणावं, तर तेही नाही. बाईंच्या माहेरीसासरी कुणी कुत्र्यालाही अशा सुरात बोलावत नसावं. “ये रे?” त्या म्हणायच्या, “मी काय तुझ्या गोट्यांतली भिडू आहे? बाईंना काय म्हणायचं? या. म्हण, या.” तो पुन्हा म्हणायचा, “येर.” त्या पुन्हा, “या.” हे बरेच दिवस चाललं. मी दुपारी शाळा सुटल्यावर त्याला आणायला जायची तेव्हा एकदोनदा ही शिकवणी मी दारातून पाहिली आहे. मला त्यात फक्त बाईंची चिकाटी दिसली.

शेवटी एके दिवशी लालसू म्हणाला, “या.” बाईंना इतका आनंद झाला, की त्या खुर्चीतून उठल्या, त्याच्या गालाला हात लावला, आणि पाणी प्यायची वेळ झालीच होती म्हणून पहिला पेला भरून त्यालाच दिला. शाब्बासकी म्हणून. लालसूनं तो पेला गटागटा पिऊन टाकला आणि त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की घरी ज्याला येर म्हणतात त्याला या लोकांमध्ये ‘या’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यानं ‘या’ म्हटलं, बाई हसत उठल्या, मागचा माठ जवळच होता, पेला मिळाला. मराठी भाषा त्याला अतिशय सोपी वाटली असणार. घरी तो पहिल्यासारखाच येर मागायचा, त्यामुळे पाण्याचं हे दुसरं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई तर सगळ्यांना सांगत होत्या, की बघा, जंगलातून आलेलं मूल, पण आल्यागेल्याला या म्हणतं.

त्याच उन्हाळ्यात बालविकासाचे एक मोठे तज्ज्ञ कचेरीत येणार असं ठरलं. ते डॉक्टर होते, पण औषधाचे नव्हेत, मानसशास्त्राचे. आदिवासी बालकांची वाढ कशी होते, ती कुणाच्या मागे किती राहतात, हे त्यांना तपासून पाहायचं होतं. त्यासाठी खरं म्हणजे आमच्याकडच्या गावांत जायला हवं होतं, पण उन्हाळ्यात गावं पाहुण्यांना झेपणार नव्हती, आणि एक अस्सल गोंड बालक कचेरीच्या आवारातच उपलब्ध होतं. शिवाय जवळच्या बांधकामावरच्या मजुरांची काही कातकरी-पारधी मुलं गोळा केली. कुमुदबाईंनी लालसूसाठी स्वतःच्या नातवाचा सदरा आणला. तपासणीच्या आदल्या रात्रीपासून लालसूचं पोट बिघडलं होतं. सकाळपर्यंत यायोनं घरातली सगळी फडकी संपवली आणि बाबोला म्हणाली, याला आज नेऊ नकोस. बाबो साहेबांकडे गेला.

“पोराचं पोट बिगडलं जी, सायेब. रातपासून सारखा जाऊन राहिला.”

“अरे, मग तर उत्तमच,” साहेब म्हणाले. “तपासणीच तर आहे. एवढे मोठे तज्ज्ञ येतायत, ते बघतीलच की.”

बाबो परत आला आणि यायोला म्हणाला, मोठा डॉक्टर आहे, बघणार आहे. मग यायोनंच त्याला तो सदरा घातला.

सगळ्यांना सकाळीच बोलावलं होतं आणि पाहुणे आले बऱ्याच उशिरा. तोवर मुलांना हॉलमध्ये रांगेनं बसवलं. कुमुदबाईंनी दोन नियम केले होते. पहिला असा, की सगळ्यांचं वजन होईपर्यंत कुणी काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, नाहीतर आकडा खोटा येतो. दुसरा, आयांनी व्हरांड्यात बसायचं, कारण आया शेजारी असल्या की मुलांना उत्तरं सांगतात. मला सुट्टी होती, मी यायोबरोबर व्हरांड्यात. खिडकीच्या गजांतून मला आतलं दिसत होतं. यायो भिंतीला टेकून बसली होती, तिला फक्त ऐकू येत होतं. लालसू आत, पुढच्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात. त्याचं वजन झालं. ते बरंच कमी भरलं, आणि तज्ज्ञांनी मान हलवली. त्यांना तसंच अपेक्षित होतं. मग त्याला त्यांच्यासमोरच्या टेबलावर बसवलं, पुढे एक बाहुली आणि रंगीत ठोकळे ठेवले.

“बाळ, बाहुलीचं नाक कुठे आहे?”

“या,” लालसू म्हणाला.

हॉलमध्ये कौतुकाची एक लाटच आली. तज्ज्ञ मागे वळून साहेबांना म्हणाले, “वा. हे तर स्वागत करतंय आपलं.” कुमुदबाईंनी पदर सारखा केला. “बालवाडीत आम्ही पहिलं तेच शिकवतो,” त्या म्हणाल्या. “बुद्धी काय, ज्याच्या त्याच्या घरची. वागणूक आपल्या हातात असते.” तज्ज्ञांनी ठोकळा पुढे केला, लालसू म्हणाला, या. चित्रातलं मांजर दाखवलं, तो म्हणाला, या. तेवढ्यात बाबो ट्रे घेऊन आत आला. ट्रेवर पाण्याचे भरलेले पेले, प्रत्येकावर झाकण. त्यानं एक पेला तज्ज्ञांपुढे ठेवला, एक साहेबांपुढे, एक बाईंपुढे, आणि लालसू त्या ट्रेकडे बघत मोठ्यानं म्हणाला, “या, या, या.” सगळे हसले. साहेब म्हणाले, “बघा, वडलांनासुद्धा या म्हणतो. तुमच्याआमच्या घरांत कोण म्हणतं हल्ली?” बाबोची छाती फुगली. माझ्या वडलांचं कामच मुळी लोकांना पाणी द्यायचं होतं. ते काम त्या दिवशीही त्यांनी चोख केलं, आणि पोटच्या पोराच्या हातभर अंतरावरून रिकामा ट्रे घेऊन ते बाहेर आले. व्हरांड्यात थांबून यायोला म्हणाले, “तुझं लेकरू साहेबांना या-बसा करतंय. पुण्याचं झालं बघ.” यायो हसली, पण लगेच म्हणाली, त्याचा आवाज असा का येतोय?

मला त्या माणसांचा राग येतो हे तर उघडच आहे, पण त्या सदऱ्याचाही येतो.

मग लालसू बोलायचा थांबला. तज्ज्ञ म्हणाले, मूल आता स्थिरावलं. थोड्या वेळानं तो ठोकळ्यांकडे बघेनासा झाला, तेव्हा ते म्हणाले, लक्ष टिकत नाही. टेबलावर तो एका बाजूला कलला, तेव्हा ते म्हणाले, बहुधा भाषेची अडचण असावी, याच्या भाषेत विचारून बघू, कुणी दुभाषा आहे का? बाबो मागे कपबश्या विसळत होता. साहेबांनी खिडकीतून मला खूण केली. मी आत गेले. लालसूचे डोळे खोल गेले होते आणि ओठांवर पांढरं वाळलं होतं. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. तो तज्ज्ञांच्या पेल्याकडे बघत होता, आणि आवाज न करता त्याचे ओठ हलत होते. या. या. दारातून पाहिलेली ती शिकवणी, बाईंच्या खुर्चीमागचा तो माठ, सगळं मला एकदम कळलं.

“त्याला पाणी पायजे,” मी म्हणाले.

“अगं, तो ‘या’ म्हणतोय,” कुमुदबाई म्हणाल्या. “विचारलं आहे त्याचं भाषांतर कर.”

“तो पाण्याला या म्हणतो.”

तज्ज्ञ एकदम सरळ होऊन बसले. “असं? म्हणजे गोंडीत पाण्याला ‘या’ म्हणतात?”

“नाही. गोंडीत येर.”

“मग ‘या’ कुठल्या भाषेत?”

“मराठीत,” मी म्हणाले.

साहेब हसले. “मराठीत पाण्याला पाणी म्हणतात, बाळ.” मग तज्ज्ञांकडे वळून म्हणाले, “पण येर हे रोचक आहे. तेलुगूत, कानडीत नदीला काय म्हणतात, हे पाहायला हवं. आपल्याकडे कपाटात आहे ते पुस्तक.” आणि शप्पत सांगते, साहेब उठून कपाटाकडे निघाले. तज्ज्ञही मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागले. दोन विद्वान माणसं पाण्याची व्युत्पत्ती शोधत होती, आणि मध्ये टेबलावर माझा भाऊ वाळत होता. मी दाराकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडले, “बाबो, येर.”

“जंगू,” कुमुदबाई मला म्हणाल्या, “वडलांना ये रे?”

बाबोला मात्र ते नीट ऐकू गेलं. तो तांब्या घेऊनच आत आला. त्यानं लालसूला उचललं, तोंडात पाणी घातलं, ते गालावरून सदऱ्यावर ओघळलं. यायो व्हरांड्यातून आत आली, तिला कुणी नियम सांगितला नाही. तिनं लालसूच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसली नाही. मग मात्र साहेब पळाले. पायात वहाणा न घालता पळाले, ड्रायव्हर सापडेना तर जीप स्वतः सुरू केली, आणि सिग्नल न बघता इस्पितळापर्यंत हाकली. साहेब वाईट माणूस नव्हते. ते वाईट असते तर हे प्रकरण लिहिणं मला सोपं गेलं असतं. तज्ज्ञ पायऱ्यांपर्यंत आमच्यामागे आले. त्यांच्या हातात बाहुली तशीच होती.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता, झोप न झालेला. त्यानं भराभर सलाइन लावलं, शीर सापडत नव्हती ती शोधून काढली, आणि लालसूला वाचवलं त्यानंच. त्याचे उपकार मी विसरलेले नाही. पण सुई बसल्यावर तो वळला. समोर साहेब होते, इस्त्रीच्या शर्टातले. कुमुदबाई होत्या. त्या दोघांच्या मधून त्यानं बरोबर यायोला शोधून काढलं.

“पाणी पाजता येत नव्हतं का हो? जुलाब होतायत आणि पाणी नाही? इतकं साधं कळत नाही तुम्हा लोकांना?”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाई पदराशी खेळत होत्या. बाबोनं हात जोडले आणि म्हणाला, “चुकलं जी.”

यायोला त्या वाक्यांतला एकच शब्द येत होता, पण तो येत होता. डॉक्टर काय म्हणाला हे तिनं बाबोला विचारलं नाही. मला मात्र त्या क्षणी बाबोचे जोडलेले हात ओढून सोडवावेसे वाटले होते, आणि अजूनही वाटतं.

लालसू काही दिवसांनी घरी आला. मान काडीसारखी झाली होती, पण भांडायची खोड शाबूत होती. (तो आता बँकेतून निवृत्त झालाय. फोनवर बोलायला लागला की मी फोन टेबलावर ठेवून भाजी निवडते.) त्या दिवशी यायोनं जावा केली, सगळ्यांना वाढली आणि आपण न जेवता बोलायला लागली. हे सगळं गोंडीतलं, मराठी माझं. ती म्हणाली, आजपासून या घरात आपली बोली नको. पोरांशी नको, आपसांतही नको. ज्या बोलीत लेकराला घोटभर येर मिळत नाही, ती बोली घेऊन काय चाटायचीय? बाबो म्हणाला, अगं, पोरं शिकतील मराठी, पण तू काय करशील? तुला कुठं येतं? यायो म्हणाली, मला कुणाकडं पाणी मागायचं नसतं. मीच भरून आणते.

बाबोला वाटलं, राग आहे, उतरेल. यायोचे राग सकाळी चढून संध्याकाळी उतरायचे. हा उतरला नाही. तिला मराठी येत नव्हतं आणि गोंडी तिनं बंद केली होती, त्यामुळे घरात बोलायचं कशात हा प्रश्नच मिटला. ती लालसूला आंघोळ घालायची, बोटं चोळायची, आणि बोटांना काही विचारायची नाही. तो सुरुवातीला विचारायचा, मागचं काहीबाही आठवून हसायचा, तिच्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडे वळवायचा. ती मान हलवायची. मी शाळेतून आले की ताट पुढे यायचं आणि ती समोर बसून बघत राहायची. तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या खोलीत येरवड्याच्या तुरुंगातल्या घंटेचे टोले ऐकू आले. त्या आधीही वाजतच असणार, पण आमच्या घरात त्यांना कधी जागा मिळाली नव्हती. मी पुढे मराठीची शिक्षिका झाले, आदरार्थी बहुवचन शिकवण्यात माझा हातखंडा होता असं माझ्या मुख्याध्यापिका म्हणायच्या, आणि गोंडीतली दोन वाक्यं सलग जुळवायची झाली तर आज मला घाम फुटतो. यायोनं ठरवलं ते तडीस नेलं. मुलं शिकली, कुणी तहानलेलं राहिलं नाही. तिचं काही चुकलं असं मी कुणाला म्हणू देणार नाही, पण माझी आई माझ्यापासून त्या दिवशी गेली, ती पुढे कितीतरी वर्षं घरात असूनही.

तज्ज्ञांचा अभ्यास पुरा झाला. पावसाळा सरता सरता त्यातले निष्कर्ष आले, आणि त्यांवरून कुमुदबाईंनी आयांची एक सभा घेतली, त्याच हॉलमध्ये. या वेळी आयांना आत बसवलं होतं. यायो भांडी टाकून आली होती, मी तिच्या शेजारी. बाई मनापासून बोलत होत्या. लालसूच्या दुखण्यानं त्याही हादरल्या होत्या, दोनदा डबा घेऊन इस्पितळात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या पाहणीत एक गोष्ट आढळली. तुमच्यातल्या आया मुलांशी बोलतच नाहीत. अहो, मुलांची बुद्धी वाढते कशानं? बोलण्यानं. काम करता करता बोला. आंघोळ घालताना बोला. हे बोट, हे नाक, काहीही. त्याला काय पैसे पडतात?” मग त्या आमच्याजवळ आल्या आणि मला म्हणाल्या, “जंगू, आईला तुमच्या भाषेत नीट समजावून सांग हं.”

मी यायोकडे वळले. गोंडी माझ्या तोंडात अगदी तयार होती, कितीतरी दिवसांची साठलेली, आणि सांगायला कारणही मिळालं होतं, खुद्द बाईंनीच दिलेलं. मी तोंड उघडलं, आणि यायोनं आपला ओला हात माझ्या तोंडावर ठेवला.

“पाहिलंत?” कुमुदबाई बाकीच्या आयांना हळहळून म्हणाल्या. “मुलगी आपणहून बोलायला गेली, तर तिचंही तोंड दाबतात.”

यायो त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत धाक नव्हता, विनवणी होती, आणि तिच्या हाताला राखेचा वास येत होता. मला तिच्या कुशीत तोंड घालून खूप काही सांगायचं होतं. मी मान हलवली, तेव्हा तिनं हात काढला. त्यानंतर आम्ही दोघी मायलेकी कुठल्याच भाषेत एकमेकींशी धड बोललो नाही.